दीड फेरा

सोमवार, ६ जानेवारी

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझ्या रविवारांची वाट लागली.

काल त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सासूबाई वाढताना माझ्याकडे खालून वर बघत होत्या. मला वाटलं, जावयाचं कौतुक चाललंय. मग त्यांनी विचारलं, "तुमचं वजन किती?"

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. अकरा वर्षं दुकानादुकानांतून लोकांचे तराजू तपासत हिंडतोय, पण माझं स्वतःचं वजन कुणी चारचौघांत विचारलेलं मला आवडत नाही. मी उत्तर द्यायच्या आतच ही म्हणाली, "ब्याऐंशी." बायको असावी तर अशी. आतल्या खोलीतून, पलंगावरून सासऱ्यांचा आवाज आला, "चालेल." दोन मिनिटांत माझा सौदा पटला.

सासूबाई एकसष्ट वर्षांच्या आहेत. चाळीस वर्षं त्यांनी शिवणकामाचं दुकान चालवलं आणि त्यातली शेवटची अठरा वर्षं आपल्या तलावावर दोघांच्या छोट्या होडीतून शर्यती खेळल्या. सुकाणूवर त्या, पुढे सासरे. होडीला नाव नाही, नुसता नंबर आहे, सत्तावीस. मोसमात सहा शर्यती होतात, जितका नंबर तितके गुण, आणि सगळ्यात कमी बेरजेच्या पहिल्या तीन होड्या समुद्रावरच्या मोठ्या शर्यतीला जातात. अठरा वर्षांत सत्तावीस नंबर कधी चौथा आला, कधी पाचवा, एकदा सहावा. गेला मात्र कधीच नाही. आता सासऱ्यांचा गुडघा वाकत नाही, म्हणून पुढची जागा रिकामी. पुढच्या माणसाने छोटं शीड सांभाळायचं, डोलकाठीच्या तारांकडे बघायचं आणि वारा वाढला की होडीच्या काठावरून बाहेर लोंबकळायचं. वजनाची चौकशी त्यासाठी होती.

ही वही हिनेच आणून दिली. "लिहून ठेव, म्हातारपणी हसायला होईल." ही स्वतः होडीत पाय ठेवत नाही. तिला झोपाळ्यावरसुद्धा मळमळतं.

रविवार, १२ जानेवारी

अंग असं दुखतंय की पेन धरवत नाही, पण लिहायला हवं.

धक्क्यावर सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं, "पाण्यावर मी तुम्हाला अरेतुरे करणार. 'आपण जरा डावीकडे सरकता का' म्हणेपर्यंत होडी उलटेल." मी म्हटलं, हरकत नाही. हरकत घ्यायला जागाच नव्हती. त्यानंतर दोन तासांत मला जेवढं 'गाढवा' ऐकायला मिळालं, तेवढं शाळेतही मिळालं नव्हतं. किनाऱ्याला लागताच त्या म्हणाल्या, "चहा घेता ना?" त्यांचा आवाज इतका बदलला की मी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलं की काय.

डोलकाठी तीन तारांवर उभी असते. एक पुढून, दोन बाजूंनी. बाजूच्या प्रत्येक तारेच्या खाली टर्नबकल असतं, म्हणजे आट्यांचा एक लोखंडी तुकडा. तो फिरवला की तार आवळते, उलटा फिरवला की सैल होते. आपोआप फिरू नये म्हणून त्यात एक बारीक पिन घालून ठेवतात. मला वाटायचं, तारा म्हणजे डोलकाठी पडू नये म्हणून दिलेला आधार. सासूबाई म्हणाल्या, "आधार कसला? शिवण आहे ती. ताण चुकला की कापड चुण्या धरतं."

मग त्यांनी मला शीड दाखवलं. मला पांढरं कापड दिसत होतं. त्यांना त्यात काखेत ओढलेला झंपर दिसत होता. "ही तिरकी चुणी बघितलीत? कोपऱ्यातून वर जाते ती? डावी बाजू आवळली गेलीय." त्यांनी डावं टर्नबकल अर्धा फेरा सोडलं. चुणी गेली. मी इतकी वर्षं मोजमापाचं काम करतोय, पण नुसत्या नजरेने अर्धा फेरा ओळखणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला.

इथे एक नियम कडक आहे. शर्यतीच्या पाच मिनिटं आधी शिट्टी वाजते. ती वाजल्यावर शर्यत संपेपर्यंत टर्नबकलला हात लावायचा नाही. वारा काय करणार याचा अंदाज आधीच बांधायचा, आणि चुकला तर चुकला. पंच म्हणून एकच गृहस्थ आहेत, सगळे त्यांना शिट्टीवाले म्हणतात. त्यांना दुरून टर्नबकल काय दिसणार? मी हे सासूबाईंना विचारलंही. त्यांनी असं बघितलं, जणू मी विचारलं होतं, घरात कुणी नसताना दात घासायचे का.

चौथे आलो. धक्क्यावर सासरे दुर्बीण घेऊन खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्या सतरा चुका सांगितल्या. मोजून.

बुधवार, १५ जानेवारी

आज मला शोध लागला की या खेळात माझाही उपयोग आहे.

क्लबच्या कपाटात तारांचा ताण मोजायचं गेज आहे. कुणी वापरत नाही, धूळ खात पडलं होतं. ते तारेवर अडकवायचं, स्प्रिंग ओढायची, काटा एका आकड्यावर थांबतो. सोबत तक्ता आहे. त्यात तारेच्या जाडीचा रकाना बघून तो आकडा शोधला की ताण किलोत मिळतो. होडी बनवणाऱ्यांच्या पत्रकात स्पष्ट छापलंय, मध्यम वाऱ्याला नव्वद किलो. एवढं सगळं छापील असताना हे लोक अठरा वर्षं चुण्या बघत बसलेत.

मी गेज घरी आणून साफ केलं, काटा शून्यावर आणला. ही म्हणाली, "आईला शिकवायला निघालास का?" मी म्हटलं, शिकवायचं कुठे, मदत करायची. ती बराच वेळ हसत होती.

रविवार, १९ जानेवारी

सातवे. नऊ होड्यांत सातवे.

सकाळी मी दोन्ही तारा गेज लावून बरोब्बर नव्वदवर आणल्या. सासूबाईंनी तारेवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "जास्त आहे." मी गेज दाखवलं. त्यांनी पुन्हा हात ठेवला. "जास्त आहे हो." मी तक्ता दाखवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही मापाचा माणूस. असेल."

पाण्यावर होडी चालेचना. वारा हलकाच होता. बाकीच्या होड्या तरंगत पुढे जात होत्या आणि आम्ही चिखलात बसल्यासारखे. शीड सपाट, कुठे पोट म्हणून नाही. "इस्त्री करून टाकलंस कापडाला," त्या म्हणाल्या. वाऱ्याआडच्या बाजूची तार चालताना किंचित सैल पडायला हवी, ती लोखंडी गजासारखी ताठ होती. पण शिट्टी होऊन गेली होती, त्यामुळे बघत बसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

परतताना त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सासऱ्यांनीही आज चुका मोजल्या नाहीत, फक्त दुर्बीण डब्यात ठेवली.

तरीही मला वाटतं, होडीच जुनी झाली असावी. आकडा खोटं बोलत नाही.

सोमवार, २० जानेवारी

आकडा खोटं बोलत नाही. मी गाढव आहे.

ऑफिसमधून येताना सरकारी व्हर्निअर खिशात घालून क्लबात गेलो आणि तारेची जाडी मोजली. अडीच मिलिमीटर. मी तक्त्यात तीनचा रकाना वाचत होतो, कारण क्लबातल्या बाकी सगळ्या होड्यांना तीनची तार आहे. जाड तार गेजला जास्त अडते. त्यामुळे तीनच्या रकान्यातला आकडा अडीचच्या तारेवर आणायला मी बिचारीला एकशे तीस किलोपर्यंत पिळलं होतं. जे मी दुकानदारांना रोज बजावतो, आधी बघा कशाचं माप घेताय, ते मीच केलं नव्हतं.

तसाच सासऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, "मागच्या वर्षी मीच बदलल्या तारा. हलक्या म्हणून अडीचच्या घातल्या. तुम्ही विचारलंच नाहीत."

सासूबाई मशीनवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, रकान्यासकट. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "चुकलं तर उसवायचं आणि परत घालायचं. त्यात एवढं तोंड पाडायचं काय?" मग माझ्या हातातला तक्ता घेऊन अडीचचा रकाना पेन्सिलने अधोरेखित केला. "हे चांगलं आहे की. माझ्या हाताला जे कळतं, त्याला हे आकडा देईल. ठेवा जपून."

त्यांचा हात खरा होता आणि तरी त्यांनी माझं ऐकलं होतं. सातवा नंबर पदरात घेऊनही मला टोचून बोलल्या नाहीत. मला हे जमलं नसतं.

रविवार, २६ जानेवारी

तिसरे!

तारा सासूबाईंनी लावल्या, गेज मी लावलं. त्यांनी हात ठेवून "आता बस" म्हटलं तेव्हा काटा अडीचच्या रकान्यात एक्क्याण्णववर होता. मी तो आकडा दोनदा वाचला. चाळीस वर्षं मशीनचा वरचा दोरा आणि खालचा दोरा जुळवत आलेल्या बोटांना आणखी काय लागतं?

चालताना वाऱ्याआडची तार नुसती झुलत होती, घंटेच्या दोरीसारखी. "ती अशीच हवी," त्या म्हणाल्या. "सैल नको, गप्पही नको." मी शर्यतभर त्या तारेकडेच बघत राहिलो, म्हणून तीन वेळा गाढव झालो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मागच्या रविवारी परत तिसरे. बेरजेत आता पाचवे आहोत. सातव्या नंबराचं ओझं अजून मानेवर आहे, आणि ते माझं आहे.

आज पुढच्या शिडाची कड फाटली होती ती शिवायला सासूबाईंनी बोलावलं. मी कापड धरून बसलो, त्या शिवत होत्या. खोलीत मशीन, कात्र्या आणि भिंतीला लागून मापाच्या वह्यांची चळत. गिऱ्हाइकांची मापं. त्यातली सगळ्यात वरची वही होडीची निघाली. छाती, कंबर, बाही असे छापील रकाने खोडून त्यांनी वर वारा, लाटा, डावी, उजवी असं लिहिलंय आणि अठरा वर्षांचा प्रत्येक रविवार त्यात आहे. "ढगाळ. वारा येतो येतो म्हणून आला नाही. डावी एक फेरा जास्त झाली, माझी चूक." पानापानावर 'माझी चूक'. नवऱ्याची चूक मला कुठेही सापडली नाही, आणि सासऱ्यांना ओळखत असल्यामुळे मला ते अशक्य वाटलं.

मी विचारलं, "आई, मोठ्या शर्यतीला एवढं काय आहे? तिकडे आपण शेवटून पहिले येऊ."

"येऊ की," त्या म्हणाल्या. मशीन थांबवलं. "इथे कुठेही गेलं तरी दोन्ही काठ दिसतात. ही पाण्याची टाकी, तो पूल. अठरा वर्षं मी त्याच दोन काठांमध्ये टाके घालतेय. एकदा पुढे काही दिसत नाही अशा पाण्यावर होडी न्यायचीय. नंबर कितवा का येईना."

आणि पुन्हा मशीन सुरू केलं. मी ठरवलंय, या बाईंना समुद्रावर न्यायचंच.

रविवार, ९ फेब्रुवारी

वारा नाही. शर्यत पुढे ढकलली. सासऱ्यांनी दुर्बिणीतून बदकं बघितली.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुसरे. बेरजेत चौथे झालो. तिसरे आहेत दोघे भाऊ, दोघेही दातांचे डॉक्टर, आमच्यापेक्षा दोन गुणांनी पुढे. पुढच्या रविवारी शेवटची शर्यत. त्या दोघांच्या आणि आमच्या मध्ये किमान दोन होड्या राहिल्या पाहिजेत, म्हणजे आम्ही तीन नंबर पुढे. शक्य आहे.

ऑफिसात तीन दिवस रजा टाकून ठेवली, मोठ्या शर्यतीच्या तारखांची. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, सासूबाईंना समुद्र दाखवायचाय. साहेब म्हणाले, तुमच्यासारखे जावई हल्ली राहिले नाहीत.

रविवार, २३ फेब्रुवारी

जाणार! आम्ही दुसरे, डॉक्टर बंधू पाचवे. बेरजेत सत्तावीस नंबर तिसरा. अठरा वर्षांत पहिल्यांदा. मी धक्क्यावर इतका ओरडलो की बदकं उडाली.

सगळं नीट लिहून ठेवतो. सकाळी वारा अगदी हलका होता. सासूबाईंनी बराच वेळ पाण्याकडे बघितलं आणि दोन्ही तारा दोन-दोन फेरे सोडल्या. बरोबरच होतं. पण शिट्टी वाजली आणि वाजता वाजता वाऱ्याने रंग बदलला. पाच मिनिटांत पाण्यावर पांढरे शेंडे दिसायला लागले. वाऱ्याआडची तार झुलायचं सोडून फटाफट आपटायला लागली, डोलकाठी वर डुलत होती. डॉक्टरांच्या तारा आवळलेल्या होत्या. त्यांनी काही अंदाज बांधला नव्हता, ते नेहमीच तशा ठेवतात. नुसतं नशीब.

सासूबाई सुरुवातीच्या रेषेकडे आणि घड्याळाकडे बघत होत्या. मला दिसलं की डाव्या टर्नबकलची पिन थोडी बाहेर आलीय. ती नीट बसवली. होडी वळली तेव्हा उजवीकडचीही बघून घेतली. पिन बसवताना टर्नबकल थोडं फिरतंच, त्याला इलाज नाही. सुरक्षिततेचा प्रश्न होता. डोलकाठी पडली असती तर?

त्यानंतर होडी काय चालली! तार पुन्हा छान झुलायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "तार शांत कशी झाली रे?" मी म्हटलं, वारा थोडा पडला असेल. त्यांनी पाण्याकडे बघितलं, शिडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग शेवटपर्यंत एक शब्द नाही. गाढवसुद्धा नाही. एकाग्रता असावी तर अशी.

शर्यत संपल्यावर प्रत्येक होडीच्या दोघांनी कागदावर सही करायची असते, शर्यत नियमाने पूर्ण केली म्हणून. सोमवारी दुपारी बारापर्यंत मुदत असते. मी लगेच केली. सासूबाई म्हणाल्या, "माझा चष्मा घरी राहिला. उद्या येऊन करते." चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. एवढ्या आनंदात माणसाचं भान हरपणारच, मी काही बोललो नाही.

सासऱ्यांचीही आज आनंदाने वाचा बसली होती. दुर्बीण मांडीवर ठेवून बसून होते. एकही चूक सांगितली नाही. मी म्हटलं, "बाबा, आज सगळं दिसलं ना?" ते म्हणाले, "दिसलं."

घरी आल्यावर हिने अंगठ्याला पट्टी लावून दिली. पिनेने चांगलीच चीर पडलीय. "आईला फोन केला होता," ती म्हणाली. "हरली की जिंकली तेच कळेना बोलण्यावरून." मी म्हटलं, दमल्या असतील, वय झालंय. ही माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "पिन बसवताना एवढं कापतं?"

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल जे लिहिलं ते फाडून टाकावंसं वाटतंय. फाडत नाही. राहू दे.

पिन बाहेर आलेली नव्हती. मी काढली.

सकाळी ऑफिसातून क्लबात फोन केला, मोठ्या शर्यतीचे अर्ज कधी भरायचे ते विचारायला. शिट्टीवाले म्हणाले, "अजून तुमच्या होडीची एक सही यायचीय. बाई आठ वाजल्यापासून इथेच बसल्यात."

"चष्मा विसरल्या होत्या काल," मी म्हटलं.

"चष्मा डोळ्यांवर आहे की. कागद समोर आहे. पेन मी तीन वेळा दिलं. म्हणाल्या, बारा वाजू देत."

फोन ठेवला. त्यांना कळलं होतं. पाण्यावरच कळलं होतं. दुर्बिणीतून सासऱ्यांना दिसलं होतं, अंगठ्यावरून हिला कळलं होतं. एकट्या मलाच वाटत होतं की कुणाला काही माहीत नाही. टेबलावर माझा शिक्का पडला होता, ज्याने मी अकरा वर्षं लोकांचे तराजू खरे ठरवतोय. त्याच्याकडे बघवेना. साहेबांना न सांगताच निघालो.

क्लबात पोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. सासूबाई खिडकीजवळच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. शेजारी सासरे, काठीवर हनुवटी टेकून. शिट्टीवाले झेंड्यांच्या घड्या घालत होते. मी वाटेत बरंच काही जुळवलं होतं, वाऱ्याचं, नशिबाचं, समुद्राचं. समोर उभा राहिलो आणि त्यातलं काहीच आठवेना.

"आई, मी शिट्टीनंतर तारा आवळल्या. दोन्हीकडे एकेक फेरा."

"दीड," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"उजवीकडे एक. डावीकडे दीड. डोलकाठीचा शेंडा डावीकडे कलला होता. शर्यतभर होडी एका अंगाला जड चालत होती."

मी डोळे मिटून आठवून बघितलं. डावीकडे घाई झाली होती, हात थांबला नव्हता. दीडच. मी ज्या हातांनी फिरवलं त्यांना ते माहीत नव्हतं, आणि मागे बसून, पाच मिनिटांच्या धावपळीत, त्यांना ते अंगाने कळलं होतं. भर लाजेतही मला या बाईंचं कौतुकच वाटलं.

"मग कालच का नाही बोललात?"

"बारापर्यंत वेळ होता ना."

"आणि मी आलोच नसतो तर?"

"तर मी माघार लिहून दिली असती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि पुढच्या वर्षासाठी दुसरा माणूस बघितला असता."

सासऱ्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, "आई, तुमचा समुद्र गेला. माझ्यामुळे." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत, पुसलेही नाहीत.

"हो, गेला," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतंय मला. खूप वाटतंय." मग कागद पुढे ओढला.

माझी सही त्यांनी मलाच खोडायला लावली. शेजारी मोठ्या अक्षरात त्यांनी लिहिलं, माघार. खाली कारणाचा रकाना होता. तिथे मी लिहायला पेन मागितलं. त्यांनी दिलं नाही. चष्मा नाकावर नीट बसवून, मापाच्या वहीत लिहितात तशा सावकाश अक्षरात त्यांनी लिहिलं: 'शिट्टीनंतर आम्ही दोन्ही तारा आवळल्या. डावी दीड फेरा, उजवी एक.'

मी म्हटलं, "आई, आम्ही कुठे? मी आवळल्या. तुम्ही हातसुद्धा लावला नाहीत."

"होडीत दोघं होतो," त्या म्हणाल्या, आणि सही केली, आणि मग पेन माझ्या हातात दिलं.